शब्दचर्चा : 'खा खा सुटणे' आणि आपल्याकडचे बाकीचे शब्द

गेल्या वर्षी मिरजेला एका समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा गेले. त्यांनी विचारलं, "काय होतं नेमकं?" मी पटकन म्हणाले, "मी हावरट आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कशा आहात ते सांगितलंत. होतं काय, ते सांगा ना." मला सांगताच येईना. इतकी वर्षं जे सोसत होते त्याला माझ्याकडे शब्दच नव्हता, शिव्या तेवढ्या होत्या. हावरट हा शब्दही माझा नव्हे, लहानपणी आत्याने पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलेला.

होतं ते असं. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, जेवणं, आवराआवर झालेली असते, पोट भरलेलं असतं. भडंगाचा स्टीलचा डबा ओट्याखाली. झाकण वाजू नये म्हणून मी ते ओढणीत धरून काढते. दिवा लावत नाही. पहिल्या दोन मुठींना लसणाची, शेंगदाण्याची चव लागते. पुढे चव कळत नाही, हात तेवढा चालू राहतो. बोटं तळाला लागली की भान येतं, तरी पुन्हा पोळीच्या डब्याकडे जाते. तडस लागेपर्यंत खाते आणि मग स्वतःची किळस येते.

आता शब्दांकडे. जास्त खाण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. ताव मारणे, आडवा हात मारणे, चापणे, ओरपणे हे कौतुकाचे. गिळणे, कोंबणे, बकाबका खाणे, तोबरे भरणे हे रागाचे. खादाड, अधाशी, हावरट हे तर माणसावरच मारलेले शिक्के. वखवख आहे, पण त्याला नजरेचा घाणेरडा वास येतो, तो मला नको. यातला एकही शब्द ज्याला त्रास होतो त्याच्या बाजूने बोलत नाही.

मला सापडला तो एकच, 'खा खा सुटणे'. त्याचं व्याकरण बघा. 'मी हावरट आहे' यात सगळं माझ्यावर येऊन बसतं. 'मला खा खा सुटते' यात मी 'मला' होते. घाम सुटतो, खाज सुटते, कंप सुटतो, त्यातलंच हे. घाम सुटला म्हणून कुणी कुणाला जाब विचारत नाही. शिवाय ताबा सुटतो, तोल सुटतो, धीर सुटतो, ते 'सुटणे'ही इथे ऐकू येतं.

आणि डॉक्टरही नेमकं तेच विचारतात. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ मध्ये असं खाणं नोंदवलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणून स्वतंत्र जागा मिळाली. थोड्या वेळात खूप खाणं आणि ते थांबवता येत नाही असं वाटणं, अशा दोन्ही गोष्टी लागतात. सोबत भरभर खाणं, पोट दुखेस्तोवर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर अपराधी वाटणं, यांतल्या निदान तीन. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. उलट्या काढणं वगैरे असेल तर तो बुलिमिया, वेगळा आजार. म्हणजे लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या, ते हे नव्हे.

'पोट सुटणे' यातही तेच क्रियापद आहे, त्यामुळे लोक दोन्हीची गाठ मारतात. पण बेताच्या वजनाच्या माणसांनाही हा त्रास असतो आणि वजन जास्त असलेल्या सगळ्यांना तो नसतो.

तुमच्या घरात, गावात याला काय म्हणतात? डॉक्टरांना सांगायला कोणता शब्द वापरलात?

कराडकर
ताई, आमच्यात म्हातारी माणसं 'भस्म्या झालाय' म्हणायची.

वाईकर
भस्म्या इथे बसत नाही. आयुर्वेदात भस्मक किंवा अत्यग्नी म्हणजे जठराग्नी भडकणं, घातलं ते भस्म होणं. त्यात भूक खरी असते. ताईंचं पोट तर भरलेलं आहे. जवळचा शब्द 'अध्यशन', म्हणजे आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं. पण तो वैद्यांचा. स्वयंपाकघरात कुणी म्हणणार नाही आणि ताबा सुटल्याचंही त्यात काही नाही. ताईंचं 'मला'बद्दलचं निरीक्षण पटलं. मराठीत भूक लागते, तहान लागते, झोप येते, रडू कोसळतं. हे सगळं 'मला'च होतं.

तासगावची मुलगी
मी हॉस्टेलवर असते. आम्ही 'बिंज' म्हणतो. पण सिरीजही बिंजच करतो, त्यामुळे मम्मीला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं रात्रभर मोबाईल बघत बसले. मग म्हटलं, "मम्मी, मला खा खा सुटते, थांबताच येत नाही." ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मलापण व्हायचं तुझ्या वेळेला, बाळंतपणानंतर." हे मला माहीतच नव्हतं.

अजिंक्यतारा
सातारकर म्हणून एक सांगतो, राग मानू नये. आपल्याकडे म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. हा मनाच्या निग्रहाचा प्रश्न आहे. त्याला आजाराचं नाव कशाला द्यायचं?

मूळ लेखिका
दादा, राग नाही, पण तुमची म्हण माझ्याच बाजूची आहे. ती टोमणा म्हणून वापरतात, पण तिच्यात क्रम बघा, आधी एकादशी, मग दुप्पट. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. ही मुलं स्वतःहून आलेली, निग्रहात कुठे कमी नव्हती. त्यांना दिवसभर अन्नच सुचायला लागलं, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे पोटभर मिळायला लागल्यावर काहींचं कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

माझंही तेच चालायचं. रात्री डबा संपला की सकाळी स्वतःला शिक्षा, चहावर दिवस काढायचा, संध्याकाळी नुसती काकडी. रात्री साडेदहाला पुन्हा ओढणीत झाकण. वजन कमी करायला म्हणून मी भूक मारत होते आणि मारलेली भूक रात्री वसुलीला येत होती. निग्रह मी कमी केला नाही दादा, उलट फार केला. मिरजेच्या बाईंनी पहिलं काय बदलायला लावलं असेल तर हेच, की रात्री काहीही झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. मला ते उलटंच वाटलं होतं. वजनकाट्यावर रोज चढायचे, तेही आठवड्यातून एकदावर आणलं.

विश्रामबाग
मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायका वजनाचं सांगतात, रात्रीचं सांगत नाहीत. मी विचारते, "खाण्याची उबळ येते का?" मग मान हलते. खोकल्याची येते तशी. उबळ शब्द मला यासाठी बरा वाटतो की ती येते, चढते आणि ओसरते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. उपचारातही तेच शिकवतात, ती चढलेली असताना दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या कशात तरी काढायची. या विकारावर मनाशी आणि सवयींशी काम करणारी थेरपी, सीबीटी म्हणतात ती, पहिली सुचवली जाते. नुसता डाएट चार्ट हातात दिला तर बऱ्याचदा उबळ वाढते. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

अजिंक्यतारा
सकाळी लिहिलं ते घाईत लिहिलं. आमच्या घरातही एक डबा रात्री रिकामा होतो. मी त्यावर बोलत होतो, विचारत नव्हतो.

मूळ लेखिका
दादा, विचारताना 'किती खाल्लंस' नको, 'सुटली होती का' विचारा. आमच्या ह्यांना मी तेवढंच शिकवलं.

विश्रामबागच्या ताई, उबळ घेतला. माझ्या वहीत मी वेळ, काय खाल्लं आणि त्याआधी मनात काय चाललं होतं ते लिहिते. परवाची नोंद अशी : 'रात्री १०.४०. ऑफिसातलं बोलणं डोक्यात. उबळ. ह्यांना हाक मारली. दोघं अंगणात. १०.५५ ला परत आत, भडंग एक वाटी, दिवा लावून, बसून.' खाली दुसऱ्या दिवशीचं : 'सकाळी पोहे.'

एक विचारायचं राहिलंच. आमच्याकडे 'खा खा सुटली' म्हणतात, पण कराडच्या जाऊबाई 'सुटलं' म्हणतात. तुमच्याकडे काय?