स्पॅम कायद्याने थांबला नाही

'अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यामुळे स्पॅम (न मागता येणारे जाहिरातींचे ढीगभर ईमेल) आटोक्यात आला' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही.

त्या कॅन-स्पॅम कायद्याने न विचारता मेल पाठवायला बंदी केलीच नव्हती. खोटा प्रेषक नको, फसवा विषय नको, यादीतून नाव काढायची सोय द्या, मग खुशाल पाठवा! जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. एक उपाय असा होता की पाठवणाऱ्याच्या संगणकाला दर मेलमागे छोटं गणित सोडवायला लावायचं, म्हणजे लाखो मेल पाठवणं महाग पडेल. पण बॉटनेटवाल्याचं (हॅक केलेल्या हजारो संगणकांचं जाळं चालवणाऱ्याचं) काय जातंय? गणित दुसऱ्याच्या हॅक झालेल्या पीसीवर, वीजबिलही त्याचंच.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका बॉटनेटमध्ये शिरून मोजदाद केली. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी मेल, आणि खरेदीपर्यंत आले फक्त २८ जण. पाठवणं जवळपास फुकट, म्हणून तेवढ्यावरही धंदा चालतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅककोलो या होस्टिंग कंपनीची (बॉटनेट चालवणारे सर्व्हर तिच्याकडे होते) इंटरनेट जोडणी तोडल्यावर जगभरातला स्पॅम एकदम निम्म्याहून खाली आला. तोडली कोणी? कोर्टाने नव्हे, तिला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी. काही महिन्यांत स्पॅम पुन्हा होता तिथे पोहोचला, ते वेगळं.