पॅलेटमधील भाजी : लाकूड, माती आणि पेरणीची वेळ

कोणीतरी विचारले आहे की बंदराकडून भंगारात आलेले कोणतेही पॅलेट, म्हणजे माल ठेवण्याची लाकडी फळ्यांची चौकट, भाजी लावण्यासाठी चालेल का. माझ्या मते लाकडावरचा शिक्का पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमानुसार निर्यातीच्या पॅलेटवर प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेले, आणि हे दुसरे खाण्याच्या भाजीसाठी टाळलेलेच बरे. तेलाचे वा रंगाचे डाग असतील तर शिक्का योग्य असूनही ते सरपणालासुद्धा घेऊ नये.

आडवे ठेवलेले पॅलेट जेमतेम वीतभरही खोल नसते, त्यामुळे दुधी किंवा टोमॅटोचा हट्ट सोडून तांबडी भाजी, मेथी, कोथिंबीर लावावी. मुळा हवा असल्यास खाली आणखी एक थर जोडावा लागेल. गोव्यातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने ती एकटी न भरता कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळावा. वाळवी आपल्याकडे लाकूड सोडत नाही, म्हणून पॅलेट चिऱ्यांवर उचलून ठेवणे आवश्यक आहे.

पेरणीची घाई मात्र नको. परतीच्या सरी ओसरेपर्यंत बारीक बी वाहून जाते आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात उथळ माती दुपारपर्यंत कोरडी पडते, तेव्हा रोपे सावरेपर्यंत वर झावळीची विरळ सावली करावी व पाणी सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे द्यावे.