शुक्रवारी मनन माझ्यावर आलंय, रोजच्या साध्या प्रसंगातून काय सांगायचं?

नगरची_माहेरवाशीण

सलाम सगळ्यांना. मी इथे एरवी फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय तर सांभाळून घ्या. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर शुक्रवारी महिलांची प्रार्थना असते आळीपाळीने कोणाच्या तरी घरी, आणि ह्या वेळी पाळकीणबाईंनी मनन माझ्या गळ्यात घातलंय. दहा मिनिटं. वर अट अशी की मोबाईलवरून वाचून दाखवायचं नाही, स्वतःच्या रोजच्या अनुभवातून काय शिकलीस ते सांग.

आता माझ्या आयुष्यात असं काय घडतं हो? मागच्या खेपेला ज्या बोलल्या त्यांची गाडी ट्रकखाली जाता जाता वाचलेली, त्याआधीच्या ताईंच्या मुलाला डॉक्टरांनी जवळपास हात टेकले होते आणि तो उठून बसला, सगळ्या जणी रडल्या. माझं म्हणजे सकाळी डबे, स्कूटीवरून ऑफिस, संध्याकाळी पोराचा अभ्यास, रात्री मटकी भिजत घातली का नाही हे आठवून परत उठायचं, संपलं.

एकच गोष्ट सुचतेय. सोमवारी माझी लग्नातली कुडी हरवली, एका कानातली, आईने दिलेली. रात्री कानाला हात लावला तर काहीच नाही. सोफ्याच्या गाद्या काढल्या, नवऱ्याने बेसिनखालचा पाइप उघडला, केराची पिशवी पेपरवर उलटी करून चिवडली, कामवाल्या मावशींना पण दोनदा विचारलं, स्कूटीची डिकी पाहिली, दोन दिवस जेवण गेलं नाही मला. आणि बुधवारी कणीक भिजवायला पीठ चाळत होते तर चाळणीत टण्ण! फिरकी सैल झालेली, डबा उघडा होता तेव्हा पडली असणार. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी बाहेर आल्या, त्यांना दाखवली, आईला फोन, बहिणीला फोन.

तर मला लगेच बायबलमधलं लूक १५:८ आठवलं, ती दहा नाण्यांवाली बाई, एक हरवतं म्हणून दिवा लावते, घर झाडते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. म्हटलं हेच सांगावं की देव आपल्याला असं शोधतो. पण नवरा हसला, म्हणे ह्यात बोध एवढाच की डब्याला झाकण लावत जा. खरंच ओढूनताणून वाटतंय का? तुम्ही लोक कसं करता हे?

निवृत्त_मास्तर

सलाम ताई. मी राहुरीकडचा, शाळेतून निवृत्त, आणि तीस वर्षं संडे स्कूल घेतलंय, म्हणजे ओढूनताणून बोध काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. त्या अनुभवावरून सांगतो. नीतिसूत्रं २४ मधला तो माणूस आठवा, आळशाच्या शेतावरून चाललाय, काटेकुटे माजलेत, दगडी कुंपण ढासळलंय, आणि तो म्हणतो मी पाहिलं, त्यावर मन लावलं आणि मग त्यातून शिकलो. आधी पाहिलं. आपण काय करतो, आधी वचन उघडतो आणि मग त्याच्या मापाचा प्रसंग शोधत बसतो, शिंप्याने आधी कोट शिवून मग माणूस शोधावा तसं.

माझ्या बाबतीत झालं ते सांगतो. लहानपणी वडलांबरोबर बाजारला जायचो ज्वारी घेऊन. तेव्हा पायलीने मोजायचे, चार शेरांची पायली. व्यापाऱ्याचा माणूस आमची ज्वारी घेताना पायली दाबायचा, दोन्ही हातांनी गदागदा हालवायचा, मग वर अशी शीग चढवायचा की दाणे चहूकडून ओघळायचे, आणि ती झाली एक पायली. तोच माणूस दुपारी गिऱ्हाइकाला विकताना ज्वारी अलगद सोडायचा आणि वरून फळी फिरवून सपाट करायचा. पायली तीच हं. वडील बघायचे पण बोलायचे नाहीत, घरी येताना वाटेत बोलायचे.

आणि घरी आमची आजी. शेजारणीकडून उसनी आणलेली ज्वारी परत करायची असली की ती बरोब्बर त्या व्यापाऱ्यासारखं माप भरायची, दाबून, हालवून, शीग लावून, आणि शेजारणीच्या पदरात ओतायची. घेताना मात्र म्हणायची राहू दे गं बाई, सपाटच बरं. मला हे काही विशेष वाटायचं नाही, उलट आपलंच नुकसान होतंय म्हणून राग यायचा. पुढे पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी लूक ६:३८ वाचायला लावलं, चांगलं माप दाबून हालवून पदरात घालतील ते, आणि मी वाचता वाचता थांबलो. म्हटलं अरे ही तर आमची आजी, ही पुस्तकात कशी आली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

ताई, तुमच्या गोष्टीत घाई करू नका. सोमवार ते बुधवार काय काय झालं ते नीट आठवा, बारीकसारीक सगळं.

कंटाळलेला_ख्रिस्ती

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला ह्या प्रकाराचा वीट आलाय. आमच्याकडे एक बंधू आहेत ते कुकरच्या शिट्टीवरून पवित्र आत्म्यावर येतात, मोबाईलचं नेटवर्क गेलं की प्रार्थनेवर, सिग्नलला लाल दिवा लागला की दहा आज्ञांवर. परवा लिफ्ट बंद पडली तर मला वाटलं आता स्वर्गारोहण.

हसण्यावारी नेतोय पण कारण आहे. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी बारावीत होतो. दफनविधीच्या दिवशी, माती अजून ओली होती, एक गृहस्थ आईजवळ येऊन म्हणाले देवाला आपल्या बागेसाठी हेच फूल हवं होतं, आणि दुसरे म्हणाले ह्यातून देव तुमच्या कुटुंबाला काहीतरी शिकवतोय. आई काही बोलली नाही. पण ती नंतर वर्षभर चर्चला आली नाही हे सगळ्यांनी पाहिलं, का आली नाही हे कोणी विचारलं नाही.

लूक १३ काढून वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, येशू सरळ विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही म्हणतो. आणि ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि वाट लागली. तर ताई, तुमच्या कुडीचं तुम्ही काहीही करा, कुडी सापडली आनंद आहे, फक्त दुसऱ्याच्या दुःखातून बोध काढायला जाऊ नका.

वसईची_लेक

वरच्या दादांशी सहमत, आणि सॉरी तुमच्या आईबद्दल वाचून.

मी कॅथलिक, आमच्यात साक्ष द्यायची सवय नाही त्यामुळे तुम्हा लोकांसारखं उभं राहून बोलणं मला जमणारच नाही, पण एक गोष्ट आम्हाला एका रिट्रीटमध्ये जेझुइट फादरांनी शिकवली ती सांगते. संत इग्नेशियसच्या साधनेतली आहे, त्यांचं ते पुस्तक १५४८ ला छापलं गेलं, म्हणजे जुनीच. रात्री झोपायच्या आधी दिवस परत डोळ्यांसमोरून न्यायचा. आधी आभार, मग म्हणायचं की देवा मला नीट दिसू दे, मग सकाळपासून एकेक तास, कुठे बरं वाटलं, कुठे पोटात कसंतरी झालं, मग क्षमा आणि उद्याचं काय. दहा-पंधरा मिनिटं. बोध शोधायचाच नाही, नुसतं बघायचं.

उदा. परवा संध्याकाळी विरार फास्टमध्ये मला चक्क सीट मिळाली. एक बाई आली, दमलेली, हातात दोन पिशव्या, तिने विचारलं कुठे उतरणार? आता मी उतरते वसईला. पण वसई म्हटलं की ती माझ्या डोक्यावर उभी राहणार आणि भाईंदरपासून ऊठ ऊठ करणार, मला ते आवडत नाही, म्हणून मी विरार म्हटलं. ती पुढे गेली, तिथेही कोणी सीट दिली नाही. आणि वसई आल्यावर मला तिच्या समोरूनच जावं लागलं. तिने बघितलं फक्त. दिवसभरात मी ऑफिसात काय काय मोठी कामं केली पण रात्री दिवस डोळ्यांसमोर आणला तर सगळं सोडून ती पिशव्यावाली बाईच आली पुढे. ह्यावर मी वचनबिचन काही लावलेलं नाही. आता वसई सांगते एवढंच.

आणि घरातलं उदाहरण साधं म्हणून लाजायचं कशाला, फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, गोव्यात राहिले, १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं आणि त्यात मराठीची थोरवी सांगायला त्यांनी फुलांमधला मोगराच घेतला ना. तुमचा पिठाचा डबा चालेल की.

सोलापूरची_थोरली

मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. ताई, तुमच्या गोष्टीत एक वाक्य आहे, मावशींना पण दोनदा विचारलं. पाइप आणि डिकीच्या मधे.

माझी आई एकोणीस वर्षं लोकांची धुणीभांडी करायची, त्यावर आम्ही तिघी शिकलो. कोणाकडे काही हरवलं की तिला विचारायचे. चोर कोणी म्हणायचं नाही, अजिबात नाही, गोडच बोलायचे, मावशी तुम्हाला कुठे दिसलं का हो झाडताना? पण पहिल्यांदा विचारतात ते विचारणं असतं आणि दुसऱ्यांदा विचारतात ते वेगळं असतं, हे तिला आवाजावरून कळायचं. मग ती निघताना दारात उभी राहून आपली पिशवी उघडायची आणि पदर झटकून दाखवायची. कोणी सांगितलेलं नसायचं. त्या म्हणायच्या अहो मावशी काय हे, असं काय करता, पण झटकून होईपर्यंत थांबायच्या.

आणि वस्तू सापडली की कोणी सांगायचं नाही तिला. चार दिवसांनी त्या बाईच्या बोटात तीच अंगठी दिसायची.

तुमच्या मावशींना सांगितलंत का सापडली म्हणून?

नगरची_माहेरवाशीण

खरं सांगू का, वाचून आधी राग आला. मी काही त्यातली नाही. आठ वर्षं आहेत मावशी आमच्याकडे, सणाला साडी घेते, त्यांच्या नातीची फी एकदा मी भरलीय. मी फक्त विचारलं, कोणीही विचारेल. आणि सांगायचं म्हणाल तर बुधवारी त्या घरातच होत्या बहुतेक, आत कपडे धुवत होत्या, त्यांना कळलंच असणार की. मुद्दा मननाचा होता, तो कुठे चाललाय.

निवृत्त_मास्तर

ताई, मुद्दा कुठेच चाललेला नाही, आत्ता कुठे पत्त्यावर येतोय. राग येऊ द्या, मला पण यायचा. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक बघा. नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, ह्यांनी १९०० ला. मधे ताटातूट, मग एकत्र आल्या तरी आधी सोवळं सुटेना, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि हे सगळं पुढे त्यांनी लिहिलं ते स्वतःचीच फजिती करत. आपण सांगतो त्या साक्षीत आपण बहुतेक शहाणेच असतो, तिथेच माशी शिंकते.

नगरची_माहेरवाशीण

काल लिहिणार होते पण हात चालला नाही.

काल सकाळी मावशी आल्या. मी चहा ठेवला, दोन कप, आणि म्हटलं मावशी ती कुडी सापडली हं, पिठात होती. त्या म्हणाल्या माहितीय मला. ऐकलं मी बुधवारीच, तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, मी हातातला शर्ट टाकून बाहेर आले तर तुम्ही समोरच्या वहिनींकडे गेला होतात. परत आत जाऊन धुवायला लागले.

मग मी म्हटलं मला माफ करा, मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या तीनदा. मंगळवारी जाताना पण विचारलं होतंत, मी चपला घालत होते तेव्हा. मला हे आठवतच नाही. म्हणजे काल आठवत नव्हतं, आता आठवतंय, लिफ्टचं दार मी धरलं होतं आणि त्यांच्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

मग त्यांनी चहा घेतला, म्हणाल्या त्या डब्याचं झाकण खरंच सैल झालंय ताई, बदला, झुरळं पण जातील. आणि भांडी घासायला गेल्या. माझ्या मनात असं होतं की काहीतरी होईल, त्या रडतील, मी रडेन, आम्ही एकमेकींचा हात वगैरे धरू. तसं काही झालं नाही.

लूक १५ परत वाचलं रात्री. शेजारणींना बोलावते ते वाक्य मला आता वाचवत नाही.

आता प्रश्न असा की हे शुक्रवारी सांगू का नको? आमच्या महिला मंडळात दोघींकडे ह्याच मावशी जातात.

सोलापूरची_थोरली

त्यांनाच विचारा. गोष्ट त्यांची पण आहे.

कंटाळलेला_ख्रिस्ती

सांगितलंत तर शेवटी बोध चिकटवू नका, एवढी कृपा करा. बसा खाली. लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी जाऊ द्या.

नगरची_माहेरवाशीण

विचारलं आज. नाव नाही घेणार म्हटलं तर म्हणाल्या नाव घेतलं तरी चालेल, मला काय भीती आहे. फक्त मी रडले असं सांगू नका, तिथल्या बायकांना तसं आवडतं. मी रडले नव्हते.

डबा नवीन आणलाय, स्टीलचा.