नोंदणीचा आयपॅड: ९ सप्टेंबरपर्यंत थांबायचं का?

नोंदणी टेबल, बुधवार २७ ऑगस्ट २०२५
मंडळी, तो परवा पुन्हा पडला. स्क्रीनचा डावा कोपरा आता बोटाला दादच देत नाही, आणि 'आत सोडा'चं बटण नेमकं तिथेच आहे. २० सप्टेंबरच्या कार्यक्रमाच्या आत दुसरा हवा. पण काल ॲपलचं ९ तारखेच्या, नव्या वस्तू जाहीर करायच्या समारंभाचं आमंत्रण आलं. आत्ता घेतला आणि पंधरवड्यात नवा निघाला तर बोलणी मलाच खावी लागणार. घेऊ की थांबू? उद्या रात्रीपर्यंत सांगा.

खजिनदार
थांबा. नवा आला की जुना उतरतो. शिवाय खरेदी माझ्यामार्फत होते, टेबलावरून नाही. प्रोजेक्टरच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

अण्णा (माजी सचिव)
प्रोजेक्टर मी आणला होता आणि तो अजून चालतोय.
आमंत्रणावरचं सफरचंद पाहिलंत का? उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसावं तसं रंगवलंय. म्हणजे तापू नये म्हणून आत नवीन काहीतरी घातलंय. माझं मत विचाराल तर यंदा सगळंच बदलणार, आयपॅडसकट.

ताई (वेबसाइट)
अण्णा, सफरचंदावरून भविष्य नको. गेल्या वर्षी चकाकणारं पाठवलं, सगळे म्हणाले सिरी, म्हणजे त्यांची बोलून चालणारी मदतनीस, हुशार होणार. त्यातला मुख्य भाग या मार्चमध्ये कंपनीनेच पुढे ढकलला.
साधा आयपॅड २०१९, २०२० आणि २०२१, तिन्ही वर्षं सप्टेंबरात आला. मग ती सवय मोडली. २०२२चा ऑक्टोबरात, आणि त्यानंतरचा थेट या मार्चमध्ये. सहा महिन्यांत पुन्हा कशाला काढतील?

अण्णा
२०१२ विसरलात! मार्चमध्ये तिसरा आयपॅड, २३ ऑक्टोबरला चौथा, आणि तिसऱ्याची विक्री तिथेच बंद. सात महिने फक्त!

ताई
तेव्हा लाइटनिंग, म्हणजे ॲपलचं नवं चार्जिंगचं सॉकेट, नुकतं आलं होतं, अख्खं दुकान त्यावर न्यायचं होतं. आता तशी कसली घाई? आणि समजा निघालाच. फोनचा गेल्या दोन वर्षांचा क्रम धरा: घोषणा, त्याच शुक्रवारी बुकिंग, पुढच्या शुक्रवारी विक्री. म्हणजे १९ तारीख. कार्यक्रम २० ला. खोका उघडून, अपडेट करून, यादी चढवून दारात उभं कधी राहायचं?

नाना
ताईंना अनुमोदन. जाहीर झालं म्हणजे हातात आलं असं नसतं. एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई सप्टेंबर २०१७ मध्ये स्टेजवर दाखवली, मार्च २०१९ मध्ये रद्द केली.
मी एकदा 'पुढच्या महिन्यात नवा येतोय' ऐकत (कुणाचा ते जाऊ दे) फुटक्या काचेचा फोन अकरा महिने वापरला. वरून चिकटपट्टी. अंगठ्यात काच गेली तेव्हा आमच्या हिने स्वतः जाऊन, दुकानात होता तोच आणला. ज्याची वाट बघत होतो तो आला तेव्हा मला फरकही कळला नाही.

खजिनदार
नाना, तुमचा अंगठा विषयपत्रिकेवर नाही.
ठीक आहे, मार्चवालाच घ्या. परत करायची मुदत बिलावर नीट वाचा, ९ तारीख त्यात बसली तर उत्तम. मूळ बिल माझ्याकडे, फोटो चालणार नाही.

नोंदणी टेबल
घेते. पण आपला कार्ड रीडर लाइटनिंगचा आहे आणि हा यूएसबी-सी. कुणाकडे ॲडॅप्टर आहे का?

अण्णा
प्रोजेक्टरच्या पिशवीत बघा. मी सगळं जपून ठेवतो.

नोंदणी टेबल
पाहिलं. त्यात त्या जुन्या रुंद, तीस पिनांच्या वायरी आहेत. दोन.

अण्णा
त्या माझ्या आहेत. टाकू नका.