लोकअदालतीत गुन्हा कबूल करून दंड भरावा की तडजोड करावी?

स्पर्धापरीक्षार्थी:
२०२२ च्या विसर्जन मिरवणुकीतील भांडणावरून चुलतभावावर व माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ (साधी दुखापत), ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत), ५०४ (शांतताभंगास चिथावणारा अपमान), ५०६ (धमकी) व ३४ (सामायिक इरादा) खाली गुन्हा दाखल झाला असून दोषारोपपत्रही सादर झाले आहे. फिर्यादी आता तडजोडीस तयार आहे. मात्र ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, लोकअदालतीत गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरला की प्रकरण एका दिवसात मिटते. मी पोलीस भरतीची तयारी करीत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तालुक्याचा वकील:
गुन्हा कबूल करू नये. दंड कितीही किरकोळ असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच ठरते, आणि सज्ञान व्यक्तीची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी पुसून टाकण्याची सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. ‘एका दिवसात मिटते’ हे खरे, पण ते फक्त न्यायालयापुरते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे ३२३, ५०४ व ५०६ या कलमांत तडजोड होऊ शकते आणि तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. अडचण ३२४ ची आहे, कारण धोकादायक हत्याराने दुखापत करण्याचा हा गुन्हा आता तडजोडयोग्य राहिलेला नाही. म्हणून फिर्यादीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र जोडून संपूर्ण गुन्हाच रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा; फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम ४८२ म्हणजे तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८. खाजगी स्वरूपाच्या वादांत समेट झाल्यास असे करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यान सिंग निकालात स्पष्ट केले आहे. खर्च दंडापेक्षा बराच जास्त येईल, तरीही माझा सल्ला हाच राहील.

निवृत्त लिपिक:
गुन्हा रद्द झाला तरी साक्षांकन नमुन्यातील (नोकरीपूर्वी चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या अर्जातील) प्रश्न नीट वाचावा. ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असे विचारले असेल, तर ‘होय’ लिहून आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, माहिती खरी दिली तरी उमेदवाराची योग्यता तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. पण लपवाछपवी उघड झाली की किरकोळ प्रकरणही अंगाशी येऊ शकते. चुलतभावाचे त्या वेळी वय किती होते?

स्पर्धापरीक्षार्थी:
सतरा वर्षे.

तालुक्याचा वकील:
मग त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच चालायला हवे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळे अशा प्रकरणातील दोषसिद्धीची अपात्रता त्याला लागणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला पुढच्या तारखेला घेऊन या.