जिवतीचा कागद आणि लेकरांचे आरोग्य

प्रश्न (माळवद, परभणी)
आमच्या जुन्या घराची डागडुजी करताना देवघराच्या भिंतीवर जिवतीच्या कागदांचे थरच्या थर निघाले. आजी दरवर्षी श्रावणात जुन्यावरच नवा कागद खळीने चिकटवीत असे, आणि तो भिंतीवर असला म्हणजे लेकरांना दुखणे येत नाही, असे ठामपणे सांगे. चित्राने आरोग्य राखले जाते, हा समज किती जुना आहे? तो आपल्याकडेच होता काय?

उत्तर (गोदाकाठ, नांदेड)
याचे मूळ महाभारताच्या सभापर्वात सापडते. बृहद्रथाच्या दोन राण्यांना झालेली बाळाची दोन शकले टाकून दिली असता जरा नावाच्या राक्षसीने ती सांधली, म्हणून तो मुलगा जरासंध झाला. तीच राजाला सांगते की, जो मला तरुण आणि लेकरांसह भिंतीवर रेखाटील त्याच्या घरी वृद्धी होईल, न रेखाटणाऱ्याच्या घरी क्षय होईल. आपल्या कागदावर जिवंतिकेसोबत मुलांना खेळवीत बसलेली जरा ती हीच. जिची धास्ती होती तिलाच लेकुरवाळी करून घरात मानाने बसविले, हे मला फार मोलाचे वाटते. ज्या साथीने घरोघरची मुले नेली तिलाही आपण ‘देवी’च म्हणत आलो.

उत्तर (सेलूकर)
त्याच कागदावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि बुध-बृहस्पतीही असतात. श्रावणी शुक्रवारी आघाडा-दुर्वांची माळ घालून आई मुलांना ओवाळते, आणि लेकरू परगावी असेल तर त्याच्या दिशेने अक्षता टाकते.

उत्तर (अंबाजोगाई वाचक)
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. इटलीतील आल्बेर्ती याने पंधराव्या शतकात लिहिलेल्या आणि 1485 मध्ये छापल्या गेलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात, ताप आलेल्या माणसाला झऱ्या-ओढ्यांची चित्रे पाहून आराम पडतो, असे म्हटले आहे. पतिपत्नींच्या शयनगृहात देखण्या माणसांचीच चित्रे असावीत, कारण त्याचा परिणाम गर्भावर होतो, असाही त्याचा सल्ला आहे. आपल्या विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र घरासाठी शृंगार, हास्य आणि शांत हेच रस योग्य मानते. युद्धाची आणि स्मशानाची चित्रे घरात वर्ज्य ठरविते. आल्बेर्तीच्या मते गुण येतो तो पाहण्याने, तर जिवती कोणी पाहिली नाही तरी भिंतीवरून राखण करते, हा भेद मात्र ध्यानात घ्यावा. ते थर खरवडू नका; खळ ओलसर करून एकेक कागद सोडविता येतो काय, ते आधी एका कोपऱ्यात पाहा.