मदत हवी आहे : निवृत्तीनंतर पतिपत्नीने पूर्णवेळ सेवाकार्यासाठी पुन्हा घर सोडावे का?

नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका आहे आणि माझे पती वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. आमचे घर सांगलीला आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका अध्यात्मप्रेरित सेवासंस्थेच्या निवासी शाळेत, अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात, काही काळ पूर्णवेळ काम केले. आता तिथून पुन्हा बोलावणे आले असून या वेळी किमान तीन वर्षे राहावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ज्यांनी जोडीने असे काम केले आहे, किंवा ज्यांच्या घरातील कोणी असे काम करायला गेले होते, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

आधी तिथल्या दिवसांविषयी थोडे सांगते, म्हणजे माझी अडचण नीट कळेल. तिकडे उन्हाळ्यात पहाटे चारनंतर उजाडू लागते आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचार वाजताच दिवे लावावे लागतात, त्यामुळे दिवस घड्याळापेक्षा उजेडाच्या हिशेबाने चालतो. पहाटेची उपासना, मग शाळा, संध्याकाळी भजन आणि रात्री वसतिगृहातील मुलांचा अभ्यास असा क्रम होता. माझ्या पतींचे काम पहिल्याच दिवशी ठरले : पाण्याचे पंप, वसतिगृहाची वायरिंग, जनरेटर आणि मोठ्या मुलांना त्यातले शिकवणे. माझे काम मात्र ठरलेले नव्हते. मी त्यांच्यासोबत आलेली आहे, असे सर्वांनी सहज गृहीत धरले होते, आणि स्वयंपाकघरावर देखरेख व आजारी मुलांची विचारपूस एवढेच माझ्याकडे आले. ती कामे मी मनापासून केली. पुढे मी स्वतःहून आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग मागून घेतले आणि तिथून पुढे ते वास्तव्य माझेही झाले. आता माझे ठाम मत झाले आहे की संस्थेने पती आणि पत्नी यांच्याशी वेगवेगळे बोलावे आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे काम द्यावे. या वेळी आम्ही ती अट आधीच घातली आहे व ती मान्य झाली आहे.

दुसरा विचार श्रद्धेचा आहे. त्या खोऱ्यातील आदी समाजातील पुष्कळ कुटुंबे दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य आणि चंद्र यांना मानणारी आहेत; त्यांची स्वतःची प्रार्थनागृहे आहेत व रविवारी तिथे लोक जमतात. काही मुले ख्रिस्ती घरांतील होती. आपली उपासना आपल्याला बळ देते म्हणून ती या मुलांच्या गळ्यात घालावी, असे मला कधीही वाटले नाही. सोलुंगच्या सणाला आम्ही मुलांच्या गावी गेलो, त्यांच्या घरी चुलीभोवती बसलो, त्यांच्या आजीआजोबांनी म्हटलेली प्रार्थना ऐकली. आपण देवाच्या कामाला आलो आहोत असे म्हणताना समोरच्याचा देव तिथे आपल्या आधीपासून आहे, याचे भान सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे, असे मी कळकळीने सांगेन.

आता मुख्य प्रश्न. माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत आणि मिरजेला माझे दीर व जाऊ यांच्याकडे असतात. त्यांना अंघोळीपासून औषधांपर्यंत सर्व बाबतींत मदत लागते. आम्ही सांगलीत असतो तेव्हा आठवड्यातील दोन-तीन दिवस मी तिकडे जाते, म्हणजे जाऊबाईंना थोडी उसंत मिळते. आम्ही अरुणाचलमध्ये होतो तेव्हा हा सारा भार त्या एकटीवर होता. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही आणि आताही त्या म्हणतात, 'वहिनी, तुम्ही निश्चिंत जा, मी आहे.' त्यांचे हे 'मी आहे' ऐकले की माझा पाय अडखळतो. तिकडे आमचा सत्कार झाला, परतल्यावर इथल्या मंडळांनी व्याख्यानांना बोलावले. जाऊबाईंना कोणी नारळसुद्धा दिला नाही. दूरच्या मुलांची आम्ही जी सेवा केली, ती घरातल्या दुसऱ्या एका बाईच्या श्रमांवर उभी होती, हे मला डोळ्यांआड करता येत नाही.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात असे सांगितले आहे की नातवंड झाल्यावर गृहस्थाने वनात जावे आणि पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा सोबत न्यावे. दोन्ही पर्यायांत ठरवणारा तोच. शिवाय आजोबा झालेल्या माणसाची आई घरात हयात असेल आणि तिला उचलून बसवावे लागत असेल, हा विचार तिथे नाही. आज मात्र माझ्या ओळखीतल्या अनेक निवृत्त जोडप्यांची परिस्थिती नेमकी हीच आहे.

माझ्या पतींचे म्हणणे असे की आपले हातपाय चालते आहेत तोवरच हे काम करता येईल आणि पुढे इच्छा असून शरीर साथ देणार नाही. ते चुकीचे नाही. सियांग खोऱ्यातून सांगलीला पोहोचायला दोन दिवस तरी लागतात, हेही तितकेच खरे आहे. त्यांनी एकट्याने जावे आणि मी मागे राहावे, हा पर्याय त्यांनी मांडला. पण माझ्या वर्गातील मुले मलाही हाक मारतात, म्हणून तो मला मान्य नाही.

असा पेच तुमच्या घरी आला होता का? तुम्ही काय व्यवस्था केली आणि ती टिकली का?

प्रतिसाद १

ताई, आम्ही दोघे कन्याकुमारीला विवेकानंद केंद्रात वानप्रस्थी, म्हणजे निवृत्तीनंतर सेवेला आलेले, कार्यकर्ते म्हणून राहिलो आहोत. १९७० मध्ये शिलास्मारकाचे उद्घाटन झाल्यावर एकनाथजी रानडे यांनी ७ जानेवारी १९७२ रोजी केंद्राची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सारे आयुष्य वाहून घेणारे तरुण जीवनव्रती होते. त्यांना मागे दुसरा संसार नसतो, आपल्याला असतो. म्हणून त्यांच्या मापाने स्वतःला मोजू नका. सलग तीन वर्षांऐवजी वर्षातले ठरावीक महिने मागून पाहा. आम्ही तसे मागितले आणि ते मिळाले.

काही व्यावहारिक बाबीही सांगतो. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला तिथे जाण्याचा सरकारी परवाना, लागते, तेव्हा त्याची मुदत व नूतनीकरण संस्थेकडे आधीच सोपवावे. तुमच्या निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागेल. तो आता मोबाइलवर चेहरा ओळखून देता येतो, पण तिथल्या नेटवर्कवर विसंबू नये. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील पूल सुरू झाल्यापासून आसाममधील दिब्रुगडला रुग्णालयात पोहोचणे पुष्कळ सोपे झाले आहे, तरी तुमच्या आरोग्य विम्यात तिथले कोणते रुग्णालय येते, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. सासूबाईंचे आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) काढले नसेल तर काढावे. ७० वर्षांवरील सर्वांना ते मिळते.

प्रतिसाद २

मी तुमच्या जाऊबाईंच्या जागी होते. माझे भाऊ व वहिनी एका आश्रमात सेवेला गेले आणि आई माझ्याकडे राहिली. मला त्यांचा अभिमान होता व आजही आहे, म्हणून मीही 'तुम्ही जा' असेच म्हणत राहिले. पण मला खरे काय हवे आहे, हे कोणी विचारले असते तर मी तीन गोष्टी सांगितल्या असत्या. एक म्हणजे परतण्याची तारीख नक्की हवी होती, कारण 'लवकरच येतो' या शब्दांवर पुढचे काहीही ठरवता येत नाही. दुसरी म्हणजे रात्रीसाठी पगारी बाई आणि तिचा खर्च न मागता मिळणे. तिसरी म्हणजे वर्षातून एकदा मला माझ्या नवऱ्याबरोबर कुठेतरी निवांत जाता येणे. तुम्ही जाऊबाईंना 'आम्ही गेलो तर चालेल ना' असे विचारू नका. त्या चालेल असेच म्हणतील. 'आम्ही नसताना तुम्हाला काय काय लागेल' असे विचारा, आणि दीरांना व तुमच्या पतींना समोर बसवून विचारा, कारण आई त्या दोघांची आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेवटच्या सूचनेप्रमाणे आम्ही चौघे मिरजेला एकत्र बसलो. जाऊबाई बराच वेळ 'काही नको' म्हणत होत्या; नंतर त्यांनी सांगितले की रात्रीची उठबस त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि लेकीचे बाळंतपण जानेवारीत आहे, तेव्हा त्यांना पुण्याला जायचे आहे. हे दीरांनाही नव्याने कळले. माझ्या पतींनी त्याच बैठकीत रात्रीच्या सेविकेचा खर्च आपल्या निवृत्तिवेतनातून देण्याचे ठरवले आणि दिवसाच्या औषधांची जबाबदारी दीरांनी स्वतःकडे घेतली.

संस्थेला आम्ही लिहिले आहे की तीन वर्षे येऊ, पण दर वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर एवढेच. डिसेंबर ते मार्च सासूबाई आमच्याकडे सांगलीला असतील. दहावीच्या परीक्षेपूर्वीचे महिने त्यामुळे माझ्या हातून जातील आणि त्याचे मला वाईट वाटते. नोव्हेंबरअखेर अभ्यासक्रम पूर्ण करून पुढची उजळणी फोनवरून घेता येईल का, हे तिथल्या मुख्याध्यापकांना विचारले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.

आता एक शेवटची मदत हवी आहे. मिरज-सांगली भागात रात्रपाळीच्या सेविका पुरवणाऱ्या केंद्रांशी करार करताना सुट्टी, बदली सेविका आणि पोलीस पडताळणी यांबाबत काय लिहून घ्यावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?